प्लेट आणि कागद: पोलादाची ऑर्डर तपासायची कशी?

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण तो तुमच्या-आमच्या अगदी जवळचा आहे. पुण्याच्या आसपास भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव या भागात रोज पोलादी प्लेटांचे ट्रक उतरतात. त्यातले बरेच कळंबोलीच्या लोखंड बाजारातून घाट चढून येतात, काही थेट मिलमधून येतात. या प्लेटांमधून बॉयलर होतात, टाक्या होतात, पुलांचे गर्डर होतात, क्रेनचे बीम होतात. चिंचवडला थरमॅक्सचे बॉयलर, वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं आणि इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग, ही सगळी याच जिल्ह्यातली कामं. आम्ही याच पट्ट्यातल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये तपासणीचं काम करतो. ट्रकमधून उतरलेली प्लेट आपण मागवली तीच आहे, हे ठरवायचं कसं, एवढ्या एकाच प्रश्नावर आज बोलणार आहोत.

प्रश्न सोपा वाटतो. पण आता बघा, तुम्ही लक्ष्मी रोडवर सोनं घ्यायला गेलात तर सराफाकडे कसोटी असते, हॉलमार्क असतो. मंडईत गेलात तर आंबा हुंगून बघता येतो. पोलादाचं तसं नाही. दोन प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्ही २० मिलिमीटर जाडीच्या, दोन्हींवर तोच निळसर-काळा थर, दोन्ही गॅस कटरने सारख्याच कापल्या जातात, दोन्हींना वेल्डिंग सारखंच धरतं. त्यातली एक बॉयलरला चालते आणि दुसरी फक्त त्याच्या खालच्या स्टँडला. हे डोळ्याला कळत नाही, हाताला कळत नाही, तीस वर्षांच्या अनुभवी फिटरलाही कळत नाही. कळतं ते फक्त दोन मार्गांनी. एक म्हणजे प्लेटचा तुकडा कापून प्रयोगशाळेत तपासणं. आणि दुसरा, प्लेटबरोबर आलेला कागद आणि प्लेटवर ठोकलेला नंबर एकमेकांशी जुळवणं.

रोजच्या व्यवहारात आपण दुसऱ्या मार्गावर चालतो. म्हणजे आपला सगळा भरवसा एका धाग्यावर असतो. प्लेट इथे, कागद तिथे, आणि दोघांना बांधणारा एक नंबर. तो धागा तुटला की कागद कितीही चांगला असो, तो कुठल्या तरी दुसऱ्याच प्लेटबद्दल बोलत असतो. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार हेच आहे. आता हा धागा कुठे कुठे तुटतो ते क्रमाने बघू.

ऑर्डरमधला अर्धा शब्द

लोकांना वाटतं गडबड मिलमध्ये होते किंवा व्यापारी करतो. आमचा अनुभव असा, की निम्मी गडबड ऑर्डर लिहितानाच झालेली असते.

परचेसमधून एक मेल जातो: ‘आय.एस. २०६२, २० मिमी, ५ नग.’ झाली ऑर्डर. आता आय.एस. २०६२ म्हणजे काय? हे बांधकामाच्या पोलादाचं भारतीय मानक. २०११ च्या आवृत्तीत त्यात ई २५० पासून पुढे अनेक ग्रेड आहेत. ई २५० मधला २५० हा आकडा यील्ड स्ट्रेंग्थचा, म्हणजे पोलाद कायमचं वाकायला लागतं त्या ताणाचा, मेगापास्कलमध्ये. त्या ई २५० मध्ये परत चार प्रती: ए, बी.आर., बी-शून्य आणि सी. ही अक्षरं म्हणजे शेपटी नाही, त्यात जीव आहे. ए प्रतीला आघात चाचणी नाही. बी.आर. ला ती खोलीच्या तापमानाला करता येते, पण ग्राहकाने मागितली तरच. बी-शून्यला शून्य अंशाला आणि सी ला उणे २० अंशाला करावीच लागते.

आघात चाचणी म्हणजे काय, तर खाच पाडलेला छोटा तुकडा लोलकाच्या हातोड्याने तोडायचा आणि तुटताना त्याने किती ऊर्जा खाल्ली ते मोजायचं. का करतात? १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभं होतं. ना वादळ, ना टक्कर. थंडीच्या रात्री मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगलं. ओढून बघितलं तर ते पोलाद पुरेसं मजबूत होतं. पण थंडीत, खाचेपाशी, ते काचेसारखं वागलं. मजबुती आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे त्या काळातल्या जहाजांनी जगाला महागात शिकवलं.

आता पुण्यात उणे २० कुठे आलं, असं कुणी म्हणेल. पुण्यात नाही, पण इथे बनलेली टाकी लडाखला जाते, रशियाला जाते, एखाद्या शीतगृहाच्या यंत्रणेत जाते. ऑर्डरमध्ये अक्षर लिहिलं नसेल तर व्यापाऱ्याने ए पाठवली यात त्याची चूक काय? त्याने मागितलं तेच दिलं.

म्हणून ऑर्डर पूर्ण कशी लिहायची? मानक आणि त्याचं वर्ष. ग्रेड आणि प्रत. जाडी, रुंदी, लांबी, आणि त्यात किती कमी-जास्त चालेल ते. प्लेट नुसती रोल केलेली हवी की नॉर्मलाइज केलेली, म्हणजे परत तापवून हवेत थंड केलेली. अल्ट्रासोनिक तपासणी हवी का, कुठल्या मानकाने. प्रमाणपत्र कुठल्या प्रकारचं. आणि प्लेटवर काय काय ठोकलेलं असलं पाहिजे. आठ-दहा ओळी होतात. पाच मिनिटांचं काम आहे. ही पाच मिनिटं वाचवली की पुढे पाच आठवडे जातात, हे आम्ही बघितलेलं आहे.

कागद वाचायचा कसा

आता ट्रक आला, ड्रायव्हरने चलन दिलं, त्याला जोडून टी.सी. आहे. टी.सी. म्हणजे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. बहुतेक ठिकाणी काय होतं? स्टोअरवाला बघतो की कागद आहे. आहे ना? मग फाइलला लावा. कागद आहे हे बघणं आणि कागद वाचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत मंडळी.

पहिला प्रश्न, हा कागद कुणी दिला? युरोपीय मानक ई.एन. १०२०४ आपल्याकडेही खूप वापरलं जातं. त्यात २.१, २.२, ३.१ आणि ३.२ असे प्रकार आहेत. २.२ मध्ये उत्पादक चाचण्यांचे आकडे देतो, पण ते तुमच्याच मालाचे असतील असं नाही, त्या प्रकारच्या मालाचे असतात. ३.१ मध्ये आकडे तुमच्याच मालाचे, आणि सही उत्पादकाच्या अशा माणसाची जो उत्पादन विभागाच्या हाताखाली नाही. ३.२ मध्ये त्याच्या जोडीला ग्राहकाच्या किंवा कायद्याने नेमलेल्या तपासनीसाचीही सही लागते. बॉयलरसाठी तर आपल्याकडे १९५० च्या भारतीय बॉयलर नियमांखाली पोलाद बनवणाऱ्याचा फॉर्म चार लागतो. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे, पण पोलाद कुणी बनवलं हे बनवणाऱ्यानेच लिहून द्यावं ही अपेक्षा जुनीच आहे. लक्षात ठेवायचं एवढंच: व्यापारी मिलचं प्रमाणपत्र पुढे देऊ शकतो, स्वतःच्या लेटरहेडवर ते नव्याने टाइप करून देऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न, हीट नंबर आणि प्लेट नंबर. हीट म्हणजे एका वेळी एका भट्टीतून ओतलेलं वितळलेलं पोलाद. समजा हीट दीडशे टनांची आहे. २० मिमी जाड, अडीच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब प्लेटचं वजन किती? पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरतात, म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटरला ७.८५ किलो. गुणाकार केला तर ३९२५ किलो, साधारण चार टन. म्हणजे त्या एका हीटमधून अशा तीस-पस्तीस प्लेटा निघणार. सगळ्यांचा हीट नंबर एक, प्लेट नंबर मात्र प्रत्येकीचा वेगळा. टी.सी. वर ज्या प्लेटांचे नंबर आहेत, तो कागद फक्त त्यांचाच.

इथे बाजारातली एक जुनी खोड सांगतो. एका टी.सी. वर ४० टन माल आहे. पण त्याची झेरॉक्स शंभर-दीडशे टन मालाबरोबर फिरते. हीट नंबर कुणी बघितलाच तर रंगाने लिहिलेला असतो, तो कुणीही लिहू शकतो. म्हणून टी.सी. वरचं एकूण वजन, त्यावरचे प्लेट नंबर आणि आपल्याला आलेले नग, हे तिन्ही जुळवून बघायचं. शंका आली तर टी.सी. ची प्रत मिलकडे पाठवून ‘ही तुमचीच का’ असं सरळ विचारायचं. काही उत्पादक आता प्रमाणपत्रावर क्यू.आर. कोड छापतात, मग ते काम मोबाइलवरच होतं. मात्र कोड उघडल्यावर मिलचीच वेबसाइट उघडली का, एवढं बघायचं.

तिसरा प्रश्न, आकडे. इथे आम्ही नव्या मुलांना एक उदाहरण नेहमी देतो. ई २५० बी.आर. ला कार्बन जास्तीत जास्त ०.२२ टक्के, मँगनीज १.५० टक्के. टी.सी. वर कार्बन ०.२०, मँगनीज १.३५. दोन्ही मर्यादेत, नाही का? मुलं म्हणतात, सर, ओके. आम्ही म्हणतो, थांबा. याच मानकात कार्बन इक्विव्हॅलंट नावाची अजून एक मर्यादा आहे, बी.आर. ला ०.४१. ती काढायची कशी? कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम यांची बेरीज भागिले ५, अधिक निकेल आणि तांबं यांची बेरीज भागिले १५. नुसतं कार्बन आणि मँगनीज घेतलं तरी ०.२० अधिक ०.२२५, म्हणजे ०.४२५ झालं. बाकीचं अजून धरलंच नाही. प्लेट नापास.

ही मर्यादा कशासाठी? हा आकडा जितका मोठा, तितकं वेल्डिंगच्या शेजारचं पोलाद थंड होताना कडक आणि ठिसूळ होतं. आणि मग तडा जातो. तोही लगेच नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. वेल्डर घरी गेलेला असतो, तपासणी झालेली असते, आणि रात्री शॉपमध्ये कुणी नसताना प्लेटीच्या आत तडा जातो.

याच गणिताचा दुसरा उपयोग असा. वरच्या आकड्यांच्या टी.सी. वर शेवटच्या रकान्यात कार्बन इक्विव्हॅलंट ०.३९ छापलेलं असेल, तर? बेरीजच जुळत नाही. मिलच्या संगणकाची बेरीज चुकत नसते. म्हणजे कागदावरचा कुठला तरी आकडा नंतर कुणी तरी बदललेला आहे. एका साध्या भागाकाराने हे कळतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण नुसता संशय घेणं म्हणजे तपासणी नव्हे. २५ मिमी प्लेटच्या टी.सी. वर यील्ड २४३ दिसलं म्हणून एका शॉपमध्ये माल परत पाठवायची तयारी झाली होती. ई २५० ना, मग २५० हवं. पण मानकातला तक्ता उघडला तर २० मिमीच्या आत २५०, २० ते ४० ला २४० आणि त्याच्या वर २३०. जाड प्लेट आतून सावकाश थंड होते म्हणून ही सवलत असते. माल चांगला होता. मानक न वाचता चांगला माल नाकारला तर तीही चूकच.

प्लेटकडे बघायचं कसं

कागद झाला. आता अंगणात उतरलेली प्लेट. आधी नंबर शोधायचा. रंगाने लिहिलेला नंबर पावसात जातो, घासून जातो. ठोकलेला नंबर टिकतो. म्हणून पंचिंग बघायचं, वायर ब्रशने घासून, टॉर्च तिरपा धरून. मग जाडी. कडेला व्हर्नियर लावता येतो, पण मधली जाडी त्याने कळत नाही. तिथे अल्ट्रासोनिक जाडीमापक लागतं. हातात मावणारं यंत्र आहे, चार-पाच ठिकाणी लावून बघायचं.

किती कमी चालेल? प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन संहितेत, गणिताने निघालेल्या जाडीपेक्षा पाव मिलिमीटर किंवा सहा टक्के, यातलं जे कमी असेल तेवढंच. आणि वजन काट्यावर बघायचं. आपली ३९२५ किलोची प्लेट १९.५ मिमी निघाली तर तिचं वजन ३८२७ च्या आसपास भरतं. एका प्लेटमागे जवळजवळ शंभर किलोचा फरक. पाच प्लेटांना अर्धा टन. काट्याची पावती फक्त बिलासाठी नसते, जाडीची ती फुकटात मिळालेली तपासणी आहे.

जाडी कमी असली तर काय एवढं बिघडतं, याचं उत्तर बोस्टनमध्ये आहे. १५ जानेवारी १९१९ ला तिथे मळीची अवाढव्य टाकी फुटली. आपल्या साखर कारखान्यांमध्ये असते तीच मळी, सुमारे ८७ लाख लिटर. भर दुपारी तिचा लोंढा रस्त्यांवरून गेला आणि २१ माणसं मेली. चौकशीत दिसलं की टाकीच्या प्लेटा नकाशात दाखवल्यापेक्षा पातळ होत्या. आणि वापरात आणण्याआधी टाकी पाण्याने पूर्ण भरून बघितलीच नव्हती, तळाशी थोडंसं पाणी घालून बघितलं होतं. मागवलं काय आणि आलं काय, हे कुणी ताडून बघितलं नाही. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याही साखर कारखान्यावर गेलात तर मळीच्या टाक्या दिसतात. त्या उभ्या आहेत, कारण कुणी तरी हे कंटाळवाणं काम नीट करतं.

अजून एक दोष डोळ्याला दिसत नाही. स्लॅबमध्ये मळ किंवा पोकळी राहिली तर रोलिंगमध्ये ती चपटी होते आणि प्लेटच्या पोटात कागदासारखा पापुद्रा तयार होतो. त्याला लॅमिनेशन म्हणतात. वरून प्लेट एकसंध, आतून दोन थर. अल्ट्रासोनिकचा प्रोब ठेवला की २० मिमीला यायला हवा तो प्रतिध्वनी १० मिमीलाच येतो. अशा प्लेटवर काटकोनात दुसरी प्लेट वेल्ड केली आणि ती ओढली गेली, की थर सुटायला लागतो. म्हणून लिफ्टिंग लग जिथे बसणार, नोझल जिथे बसणार, तिथे तरी हे तपासून घ्यायचंच.

कटिंग टेबलवर

आता आमचीच एक चूक सांगतो. शॉपचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही, कारण सही आमची होती.

एका प्रेशर व्हेसलचं काम होतं. शेल एस.ए. ५१६ ग्रेड ७० चं, १६ मिमी. खालचे सॅडल, म्हणजे ज्यावर व्हेसल बसतं ते पाय, साध्या आय.एस. २०६२ चे, तेही १६ मिमी. दोन्ही प्लेटा उत्तम होत्या, दोन्हींचे टी.सी. स्वच्छ. आम्ही सगळं जुळवून घेतलं होतं. प्लेटा कापल्या गेल्या, उरलेले तुकडे भिंतीला लागले. ऑफकट म्हणतात त्याला. पुढे एका नोझलला भोवतीची पट्टी लागली, आर.एफ. पॅड. फिटरने भिंतीपाशी जाऊन १६ मिमीचा तुकडा आणला, गोल कापला, बसवला. आम्ही फिट-अप बघायला गेलो. गॅप बरोबर, माप बरोबर. सही केली. पॅडवर नंबर आहे का, हे बघितलंच नाही.

महिन्याने कागदपत्रं जुळवताना त्या पॅडसमोर हीट नंबरचा रकाना रिकामा. फिटरला विचारलं. तो म्हणाला, साहेब, त्याच प्लेटचा तुकडा आहे, मी स्वतः आणलाय. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. आम्ही एक्स-रे गन आणली. ग्रेड ७० ला मँगनीज किमान ०.८५ टक्के लागतं. गनवर ०.६ च्या आसपास आलं. तीनदा लावून बघितली, तेच. पॅड सॅडलच्या प्लेटचा होता.

मग काय, पॅड ग्राइंड करून काढला, खालचं शेल डाय पेनिट्रंटने तपासलं, नवा पॅड, नवं वेल्डिंग, पाण्याची दाब-चाचणी परत. दोन आठवडे गेले. त्या शॉपच्या मालकाने एक शब्द वाकडा काढला नाही, त्याचंच आम्हाला जास्त लागलं. रकाना कुणी तरी अंदाजाने भरला असता तर व्हेसल निघून गेलं असतं. कदाचित त्याला कधीच काही झालं नसतं. कदाचित. पण त्याच्या शेजारी रोज आठ तास उभा राहणारा ऑपरेटर आमच्या ‘कदाचित’ वर उभा राहिला असता, आणि त्याला ते कुणी सांगितलं नसतं.

यातून नियम एकच निघतो आणि तो जुनाच आहे. कापण्याआधी नंबर हलवायचा, कापल्यानंतर नाही. प्लेटवर कटिंगची आखणी झाली की प्रत्येक भागावर, आणि उरणाऱ्या तुकड्यावरही, हीट नंबर आणि प्लेट नंबर पंच करायचा, तपासनीसाने बघून आपला शिक्का मारायचा, मगच गॅस पेटवायचा. ऑफकट नंबराशिवाय भिंतीला लावायचाच नाही. नंबर नसलेला तुकडा दिसला तर तो भंगारात. महाग वाटतो, पण आमच्या त्या पॅडपेक्षा स्वस्त पडतो.

मोठ्या नावावर भरवसा

शेवटचा मुद्दा. कुणी म्हणेल, मोठ्या मिलचा माल घ्या, डोळे मिटून घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टीलने कबूल केलं, की त्यांच्या काही कारखान्यांत ग्राहकाच्या अटीत न बसणाऱ्या मालाचे आकडे बदलून प्रमाणपत्रं दिली जात होती. ॲल्युमिनियम आणि तांब्यापासून सुरुवात झाली, पुढे पोलादाचे काही प्रकारही निघाले. पाचशेहून अधिक ग्राहकांकडे तो माल गेला होता, आणि ही सवय कित्येक दशकांची होती. जगात नाव असलेली कंपनी. कागद निर्दोष दिसत होते, धागाही शाबूत होता, फक्त कागदावरचं खरं नव्हतं.

म्हणून कागदाच्या पलीकडे थोडी तरी स्वतःची तपासणी हवी. प्रत्येक प्लेट कापून बघणं परवडत नाही. पण महत्त्वाच्या कामाला प्रत्येक हीटमधला एक तुकडा एन.ए.बी.एल. मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवणं परवडतं. तिथेही बघायचं, की त्या प्रयोगशाळेची मान्यता आपल्याला हव्या त्या चाचणीसाठी आहे ना. रसायन तपासताना हातातल्या एक्स-रे गनवर सगळं सोडायचं नाही. ती मँगनीज, क्रोमियम, निकेल सांगते, पण कार्बन तिला वाचता येत नाही. आणि साध्या पोलादात सगळा खेळ कार्बनचा असतो. त्यासाठी पृष्ठभाग घासून ठिणगी पाडणारं स्पेक्ट्रोमीटर लागतं, ज्याला शॉपमध्ये नुसतं ‘स्पेक्ट्रो’ म्हणतात.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: आमचं छोटं वर्कशॉप आहे, पाच माणसं. हे सगळं आम्हाला कसं जमणार?

जमतं. तुम्हाला पाच गोष्टी पुरतात. ऑर्डर पूर्ण लिहा. टी.सी. चे नंबर प्लेटवरच्या पंचिंगशी स्वतः जुळवा. कार्बन इक्विव्हॅलंटची बेरीज मोबाइलवर करून बघा. काट्याची पावती गुणाकाराशी ताडा. आणि एक पंच सेट घ्या, कापण्याआधी नंबर हलवा. यातल्या चार गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि पाचवीला अगदी थोडे.

प्रश्न: आय.एस.आय. मार्क असला की पुरे नाही का?

मार्क हवाच. पोलादाच्या बहुतेक प्रकारांना तो आता केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांनी सक्तीचा आहे. पण मार्क सांगतो, की उत्पादकाकडे परवाना आहे आणि माल त्या मानकाचा आहे. तुमच्या कामाला ए हवी होती की सी, हे मार्कला कसं माहीत असणार? ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

प्रश्न: तपासणीत मालात दोष निघाला तर व्यापाऱ्याशी संबंध बिघडतात. मग पुढच्या वेळी तो माल देत नाही.

हा खरा प्रश्न आहे. आमचा सल्ला असा, की दोष निघाल्यावर बोलू नका, आधी बोला. काय काय तपासणार आहात ते ऑर्डरमध्येच लिहा. मग नाकारलेला माल हा अपमान राहत नाही, ठरलेला व्यवहार होतो. चांगल्या व्यापाऱ्याला असा ग्राहक आवडतो, कारण त्यालाही मिलकडे बोट दाखवायला कागद मिळतो.

प्रश्न: नंबर पंच करताना प्लेटला इजा होत नाही का?

टोकदार, खोल पंच मारला तर खाच पडते आणि खाच म्हणजे तड्याला आमंत्रण. म्हणून गोल कडांचे, कमी ताण देणारे पंच मिळतात, ते वापरायचे. फार पातळ प्लेट असेल किंवा संहितेने मनाई केली असेल तर रंगाचा, स्टेन्सिलचा किंवा सांकेतिक खुणेचा मार्ग असतो. खूण कशीही करा, पण कापण्याआधी करा.

वेळ संपत आली. जाता जाता एक विनंती. उद्या तुमच्या शॉपमध्ये जाल तेव्हा भिंतीला लावलेला कुठलाही एक ऑफकट उचला आणि त्याच्यावर नंबर आहे का बघा. असला तर तो तुमच्या कुठल्या टी.सी. वर सापडतो का, तेही बघा. दहा मिनिटं लागतील, आणि तुमच्याकडे धागा शाबूत आहे की नाही ते कळेल.